डेटा सेंटरच्या दारात आपला शब्द कोण टाकणार?

केम (ता. करमाळा, जि. सोलापूर) : गेल्या पावसाळ्यात एका रविवारी वंदना झाल्यावर पाच-सहा तरुण विहारातच बसून राहिले. आम्ही गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर तरुणांच्या शिक्षणाचे, रोजगाराचे काम करतो, त्यामुळे ही रविवारची बैठक नेहमीचीच. त्या दिवशी त्यात एक जण सुट्टीवर आलेला होता. शिक्षण आयटीआय, ट्रेड इलेक्ट्रिशियन. चार वर्षे झाली, नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये कंत्राटदाराकडून काम करतो. जनरेटर, यूपीएस, बॅटऱ्या, पॅनेल सगळे त्याच्या हाताखालून गेलेले.

त्याच ठिकाणी कंपनीची कायम जागा निघाली. त्याने अर्ज केला. कामाचे प्रश्न विचारले, त्याची उत्तरे त्याने नीट दिली. शेवटी विचारले, "या क्षेत्रातले तुम्हाला ओळखणारे दोन जण सांगा." त्याने आपल्या सुपरवायझरचे नाव दिले. तो कंत्राटदाराचाच माणूस, म्हणून ते धरले गेले नाही. दुसरे नाव त्याच्याकडे नव्हते. जागा ज्याला मिळाली त्याला पहिले सहा महिने काम यानेच शिकवले होते.

आम्हाला सांगताना तो एवढेच म्हणाला, "दादा, काम येतं मला. पण मला काम येतं हे सांगणारं तिथं वर कोणीच नाही."

त्याला जात पाहून नाकारले, असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा ना त्याच्याकडे आहे ना आमच्याकडे. पण त्याच्या वाक्यात एक मोठा प्रश्न आहे, आणि तो एकट्या त्याचा नाही. महाराष्ट्रात डोळ्यांसमोर एक नवा उद्योग उभा राहतो आहे. त्याचे प्रमुख, व्यवस्थापक, अभियंते एकमेकांना ओळखतात, भेटतात, एकमेकांची माणसे घेतात. त्या ओळखीच्या वर्तुळात आपला समाज कुठे आहे?

हा उद्योग आहे तरी काय?

आपण फोनवरून पैसे पाठवतो, रेल्वेचे तिकीट काढतो, सातबारा पाहतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो. ही सगळी माहिती कुठल्या तरी इमारतीतल्या संगणकांवर साठवलेली असते. हजारो संगणक चोवीस तास चालू ठेवणारी ती इमारत म्हणजे डेटा सेंटर.

एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश काढला. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डेटा सेंटरला पायाभूत सुविधांचा दर्जा देण्याची घोषणा झाली. रस्ते, बंदरे, वीज प्रकल्प यांच्या पंगतीत हा उद्योग जाऊन बसला आणि त्याला कर्ज मिळणे सोपे झाले. महाराष्ट्राच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणातही त्याला सवलती आहेत. जानेवारी २०२५ मध्ये ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसची २०३० पर्यंत महाराष्ट्रात ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याची योजना जाहीर झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विशाखापट्टणमसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरची घोषणा केली.

देशातल्या एकूण डेटा सेंटर क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या मुंबई आणि नवी मुंबईत आहे. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, बँका आणि शेअर बाजार मुंबईत आहेत, म्हणून हे झाले. ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि पनवेलच्या बाजूला ही केंद्रे आहेत.

हा पट्टा आपल्याला अनोळखी नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर सोलापूर आणि मराठवाड्यातून पोट भरायला गेलेली आपली कितीतरी कुटुंबे याच पट्ट्यातल्या झोपडपट्ट्यांत राहिली. रासायनिक आणि इंजिनिअरिंग कारखान्यांत आधीच्या पिढीतल्या काहींना कायम नोकरी मिळाली, युनियन मिळाली, त्यावर मुले शिकली. त्यातले अनेक कारखाने बंद पडले. त्याच औद्योगिक पट्ट्यात आज खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात. वस्ती तिथेच आहे, पण शेजारचा उद्योग बदलला आणि त्याचे दार कुठे आहे हे वस्तीला माहीत नाही.

आतली उतरंड

डेटा सेंटर म्हटले की आपल्या मुलांना वाटते, हे कॉम्प्युटरवाल्यांचे काम, आपले नाही. हा मोठा गैरसमज आहे. संगणक आणि सॉफ्टवेअर हा त्याचा एक भाग. इमारत चालू ठेवणे हे मुख्यतः विजेचे आणि थंडाव्याचे काम आहे. वीज दोन वेगवेगळ्या मार्गांनी आत येते. ती गेली तर बॅटऱ्यांवरचा यूपीएस क्षणही न दवडता भार उचलतो, आणि मिनिटभरात डिझेल जनरेटर सुरू होतात. संगणक तापतात, म्हणून चिलर, पंप, थंड हवा फिरवणारी यंत्रे अखंड चालतात. अमेरिकेतल्या अपटाइम इन्स्टिट्यूटने या केंद्रांच्या श्रेणी ठरवल्या आहेत. तिसऱ्या श्रेणीच्या केंद्रात वर्षभरात साधारण दीड तास आणि चौथ्या श्रेणीत अर्ध्या तासाहूनही कमी बंद पडण्याची मुभा गृहीत धरली जाते. केंद्रे बंद पडण्याच्या कारणांत वीजपुरवठ्यातला बिघाड वरच्या क्रमांकावर असतो आणि माणसाच्या हातून झालेली चूकही वारंवार पुढे येते, असे याच संस्थेची पाहणी सांगते.

म्हणजे इथे चांगल्या इलेक्ट्रिशियनची, एसी मेकॅनिकची, डिझेल मेकॅनिकची, इलेक्ट्रिकल डिप्लोमावाल्याची किंमत आहे. जयंतीच्या मिरवणुकीत रात्रभर जनरेटर सांभाळणारा आपला पोरगा या कामाच्या पहिल्या पायरीवर आधीच उभा आहे. जगभरात या क्षेत्राला माणसे कमी पडत आहेत. २०१९ मध्ये सुमारे २० लाख असलेली मनुष्यबळाची गरज २०२५ पर्यंत २३ लाखांच्या जवळ जाईल, असा अपटाइम इन्स्टिट्यूटचा अंदाज होता.

पण उतरंड समजून घेतली पाहिजे. खाली सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी. त्यांच्या वर टेक्निशियन. मग शिफ्ट इंजिनिअर, शिफ्ट प्रमुख, संपूर्ण केंद्राचा व्यवस्थापक, अनेक केंद्रांचा प्रमुख. खालच्या पायऱ्या बहुतेक कंत्राटी. टेक्निशियनच्या पायरीवरून शिफ्ट इंजिनिअरच्या पायरीवर जाणे हा खरा उंबरठा. तो ओलांडला की माणूस कंपनीचा होतो, पगार बदलतो, पुढचा रस्ता दिसतो. आमच्या बैठकीतला तरुण याच उंबरठ्यावर अडला आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डेटा सेंटर म्हणजे कापड गिरणी नव्हे. हजारो कोटींच्या इमारतीत कायमची माणसे मोजकी असतात. बांधकामाच्या काळात हात खूप लागतात, नंतर थोडेच. म्हणून "लाखो नोकऱ्या येणार" या भाषणांवर आमचा विश्वास नाही. पण जागा थोड्या असतात तेव्हाच ओळखीला जास्त वजन येते, आणि ओळख नसलेला आधी गळतो.

ओळख हेच भांडवल

समाजशास्त्रात मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा एक गाजलेला निबंध आहे. त्याचे सार असे, की नोकरीची बातमी जवळच्या नातेवाइकांपेक्षा दूरच्या ओळखीतून जास्त मिळते. जवळच्यांना माहीत असते तेच आपल्याला माहीत असते. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातल्या माणसाकडे असते. आपल्या वस्तीत नाती घट्ट आहेत. अडीअडचणीला रात्री बारा वाजता माणसे धावून येतात. पण त्या धावून येणाऱ्यांपैकी कोणाला महापेतल्या रिकाम्या जागेची बातमी असते?

वरच्या वर्तुळांनी मात्र हे ओळखून आपल्या संघटना बांधल्या आहेत. अमेरिकेत एएफकॉम ही डेटा सेंटर व्यावसायिकांची संघटना १९८० पासून आहे. २०१६ मध्ये इन्फ्रास्ट्रक्चर मेसन्स ही या क्षेत्रातल्या नेतृत्वस्थानी असलेल्यांची संघटना सुरू झाली. आता मुंबईतही या उद्योगाच्या परिषदा भरतात. तिथे कुठल्या ठिकाणी काय बिघडले आणि कसे सुधारले याची देवाणघेवाण होते, कोण कुठे प्रकल्प उभारतो आहे हे कळते, आणि चहाच्या वेळी कोणाला माणूस हवा आहे हेही कळते. यात गैर काही नाही. प्रत्येक व्यवसायाला आपल्या माणसांचा समुदाय लागतो. आमचा प्रश्न एवढाच, की त्या चहाच्या टेबलाशी कोण उभे असते?

भारतात या प्रश्नाचे उत्तर जातीशिवाय देता येत नाही. २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आलेल्या एका अभ्यासात देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळे तपासली होती. ९३ टक्क्यांच्या आसपास संचालक तथाकथित उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के. त्याआधी २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना साडेचार हजारांहून अधिक अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण सारखे, फक्त आडनावे वेगळी. दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावाच्या मानाने तिसऱ्या हिश्श्याने कमी निघाली. मुस्लिम नावाच्या अर्जदाराची तर एक तृतीयांशच राहिली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले, की "आम्ही जात पाहत नाही" म्हणणारेही "घरची पार्श्वभूमी" मात्र आवर्जून विचारतात.

डेटा सेंटरमध्ये आपली माणसे किती, हे मोजलेले नाही, कारण खासगी क्षेत्र ते मोजत नाही. स्त्रियांचे मात्र मोजले गेले आहे. जगभरातल्या बहुतेक केंद्रांत तांत्रिक कामावरच्या स्त्रिया १० टक्क्यांहूनही कमी आहेत. मोजले की निदान चर्चा सुरू होते. जे मोजलेच जात नाही त्याची चर्चाही होत नाही.

हा रस्ता आपण आधी चाललो आहोत

हे सगळे नवे वाटत असेल तर मनमाड आठवावे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तिथे जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी सांगितले ते याच परिषदेत. हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणातला दुसरा भाग कमी वाचला जातो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरी कामाला जावे लागते आणि तिथे शिवाशिव आडवी येते, हे बाबासाहेबांनी उलगडून दाखवले. वर्कशॉपमध्ये तो हमाल राहतो, मेकॅनिक होत नाही. मुंबईच्या गिरण्यांतही विणकाम खात्यात चांगला पगार होता, पण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्यांना तिथे घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न बाबासाहेबांनी लावून धरला होता.

आमच्या केमवरून जाणारा रेल्वेमार्ग त्याच जी.आय.पी. कंपनीचा. १८६० मध्ये तो सोलापूरला पोहोचला. त्या काळातला सगळ्यात नवा उद्योग आपल्या दारातून गेला, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला त्यातले खडी आणि स्लीपर आले. गुणवत्तेचा प्रश्नच तिथे आला नाही. वरच्या पायरीवर माणूस ठरवताना घरातली चूल आड आली. आज चूल आड येत नाही. आज "दोन नावे सांगा" हे आड येते. रूप पुष्कळ सभ्य झाले आहे, पण वरच्या पायरीवर आपला माणूस नसल्याचा परिणाम तोच राहिला आहे.

बाबासाहेब तक्रार मांडून थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांच्याकडे विजेचे खाते होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, ती खासगी नफ्यावर सोडू नये, हे त्यांनी १९४३ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. तांत्रिक प्रशिक्षणाला आणि रोजगार विनिमय केंद्रांना त्याच खात्याने चालना दिली. वीज आणि तंत्रशिक्षण हे शोषितांच्या मुक्तीचे विषय आहेत, हे त्यांना ऐंशी वर्षांपूर्वी दिसत होते. डेटा सेंटर हा मुळात विजेचाच उद्योग आहे. तो आपला विषय कसा नसेल?

त्यानंतरही समाजाने व्यवसायाच्या पायावर संघटन केले. पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्यांवरून सुरू झालेल्या संघर्षातून दीनाभाना, डी. के. खापर्डे आणि कांशीराम एकत्र आले आणि ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ उभी राहिली. सरकारी कर्मचाऱ्यांनी समाजाला परतफेड करायची, हा विचार त्यातून घरोघरी गेला. २००५ मध्ये पुण्यातच मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचे चेंबर, 'डिक्की' सुरू केले. या दोन्हींच्या विचारांशी कोणाचे मतभेद असू शकतात. पण सरकारी नोकरदारांसाठी एक आणि उद्योजकांसाठी एक अशी चौकट उभी राहिली. खासगी क्षेत्रात पगारी तांत्रिक काम करणारा आपला माणूस मात्र मधल्या मध्ये एकटा पडला. त्याला आरक्षण नाही, युनियन नाही, समाजाची व्यावसायिक संघटनाही नाही. सरकारी नोकऱ्या आटत असताना नवी पिढी तर तिथेच चालली आहे.

वर गेलेला माणूस गप्प का?

आपल्या सभांमध्ये १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या भाषणाची आठवण नेहमी काढली जाते. शिकलेल्यांनी मला धोका दिला, हे बाबासाहेबांचे दुःख. ते खरे आहे. पण प्रत्येक वर गेलेल्या माणसाला टोमणा मारण्यापुरताच आपण त्याचा वापर करू लागलो आहोत. टोमण्याने माणूस आणखी दूर जातो.

या उद्योगात बऱ्या जागेवर असलेल्या समाजातल्या दोघा-तिघांशी आम्ही बोललो. त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. एक म्हणाले, "ऑफिसात माझं आडनाव कळत नाही. मी आपल्या मुलाचं नाव पुढं केलं तर पहिला प्रश्न येईल, हा तुझा कोण?" दुसऱ्या ताईंनी सांगितले, की जयंतीचा फोटो स्टेटसला ठेवल्यावर सहकाऱ्यांच्या बोलण्याचा सूर बदलला. ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत २०२० मध्ये एका दलित अभियंत्याला जातीवरून त्रास दिल्याच्या आरोपावरून कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. दोन व्यवस्थापकांवरचे आरोप २०२३ मध्ये खात्याने मागे घेतले, कंपनीनेही आरोप नाकारले. पण त्या निमित्ताने परदेशातल्या आंबेडकरी संघटना पुढे आल्या, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदाला बंदी घालणारा नियम केला. तो अभियंता एकटाच असता तर विषय एका दालनात संपला असता.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. एकट्या माणसाने शब्द टाकला तर त्याला वशिला म्हणतात. चार कंपन्यांतल्या वीस जणांनी मिळून एखाद्या मुलाचे काम तपासले आणि मग सांगितले, की हा टेक्निशियन उत्तम आहे, तर त्याला शिफारस म्हणतात. इतरांच्या वर्तुळात नेमके हेच होते.

मग करायचे काय?

महाराष्ट्रातल्या डेटा सेंटर, वीज, वातानुकूलन, फायबर, टेलिकॉम या क्षेत्रांत काम करणाऱ्या बौद्ध आणि इतर बहुजन व्यावसायिकांचा एक समुदाय उभा राहावा, असा आमचा आग्रह आहे. त्यासाठी मोठे उद्घाटन नको, बॅनर नको. आमच्या डोळ्यांसमोर पुढील गोष्टी आहेत.

एक, समुदायात केंद्राचा प्रमुख आणि कंत्राटी टेक्निशियन दोघेही असावेत. फक्त साहेबांचा असेल तर तो क्लब होईल. फक्त टेक्निशियनचा असेल तर बातमी वरून खाली येणार नाही.

दोन, सदस्यांची यादी जाहीर होऊ नये. कोणाला आपली ओळख किती उघड करायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. धाडसाची सक्ती करता येत नाही.

तीन, महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी बैठक व्हावी, फोनवरूनही चालेल. दर बैठकीत एकाने एक बिघाड समजावून सांगावा. कंपनीचे नाव आणि गुपित बाजूला ठेवून बॅटरी का फुगली, जनरेटर का सुरू झाला नाही, यावर बोलावे. त्यातून खालच्याला वरच्याची भाषा येते, आणि मुलाखतीत तीच कामी येते.

चार, प्रत्येक वरिष्ठाने वर्षाला दोन तरुण दत्तक घ्यावेत. बायोडेटा, कामापुरते इंग्रजी, मुलाखतीचा सराव, वायरमन आणि सुपरवायझरचा सरकारी परवाना काढणे, एवढे वर्षभरात होऊ शकते. बार्टीसारख्या संस्थेकडे या क्षेत्राचा अभ्यासक्रम मागायचा तर तो काय असावा, हे सांगणारेही हेच लोक असतील.

पाच, खोटी शिफारस नाही. ज्याचे काम पाहिले नाही त्याच्यासाठी शब्द टाकायचा नाही. चौथे शील आपण रोज म्हणतो, ते इथे पाळायचे आहे. एका खोट्या शिफारशीने पुढच्या दहा खऱ्या शिफारशींची किंमत जाते.

सहा, मुलींसाठी वेगळा प्रयत्न. रात्रपाळी, प्रवास आणि राहण्याची सोय हे प्रश्न सोडवल्याशिवाय "मुलींनीही यावे" हे म्हणणे पोकळ आहे.

सात, आणि आमच्या मते सर्वांत तातडीचे, शिकाऊ उमेदवार कायदा. खासगी क्षेत्रात आपल्यासाठी कायद्याने काहीच नाही, असे आपण धरून चालतो. पण १९६१ च्या या कायद्यात ३-अ हे कलम आहे. त्यानुसार ठरवून दिलेल्या ट्रेडमध्ये मालकाने शिकाऊ जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव ठेवायच्या आहेत. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी धरून एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या, त्यामुळे आपली मुले यात येतात. इलेक्ट्रिशियन हा त्यातलाच ट्रेड. किती डेटा सेंटरमध्ये किती शिकाऊ घेतले, त्यात आपले किती, हा प्रश्न माहितीच्या अधिकारात सरकारी कार्यालयांना विचारता येतो. शिकाऊ म्हणून वर्षभर आत काढलेल्या मुलाला ओळखणारी माणसे आपोआप तयार होतात. हे दार कायद्याने उघडे आहे, आपण ते ढकलून पाहिलेले नाही.

खर्चाचे काय? बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा मागितला होता. इथे पैशापेक्षा वेळ जास्त लागेल. महिन्यातले चार तास देणारे वीस जण मिळाले तरी सुरुवात होते.

काही आक्षेप

"वेगळा समुदाय म्हणजे पुन्हा जातच ना?" असे विचारले जाईल. ज्यांचा समुदाय आधीपासून आहे त्यांना तो दिसत नाही, कारण त्याला ते उद्योग म्हणतात. आपला समुदाय त्या मोठ्या वर्तुळात जाण्यासाठी आहे, त्याला पाठ दाखवण्यासाठी नाही. दार सर्वांना उघडे राहील, कारण भटक्या-विमुक्त, आदिवासी, मुस्लिम आणि गरीब मराठा तरुणाची अडचणही वेगळी नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. हा उद्योग वीज आणि पाणी पितो. आमच्या करमाळा तालुक्यात शेतीपंपाला वीज येईल म्हणून शेतकरी रात्र-रात्र जागला आहे. उजनीचे पाणी डोळ्यांसमोर असून टेलच्या गावांना टँकर लागला आहे. अशा जिल्ह्यातून उठून आपण क्षणभरही वीज न जाणाऱ्या इमारतींचे गुणगान का करावे? आम्ही गुणगान करत नाही. डेटा सेंटरने किती वीज, किती पाणी वापरले, किती डिझेल जाळले, हे जनतेला कळलेच पाहिजे. पण हा प्रश्न नीट विचारायलाही आतली आकडेवारी समजणारा माणूस लागतो. धरणाच्या वेळी विस्थापितांच्या बाजूने कागद वाचणारे कमी होते, त्याची किंमत उजनीकाठच्या गावांना माहीत आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा असतो, की अशा संघटना पुढे सत्कार समारंभ आणि गटबाजीत अडकतात. यात तथ्य आहे. त्यावर उपायही आपल्याच परंपरेत आहे. महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्धांनी ऱ्हास न होण्याचे जे नियम सांगितले, त्यांतले पहिले दोन अगदी साधे आहेत : वारंवार एकत्र जमावे, आणि एकोप्याने जमून एकोप्यानेच उठावे. संघ अडीच हजार वर्षे टिकला त्यात या शिस्तीचा वाटा आहे. पदाधिकारी दोन वर्षांनी बदलणे, हिशेब दर बैठकीत वाचणे, सत्कार अजिबात न करणे, एवढे जरी पाळले तरी पुष्कळ.

शेवटी

त्या रविवारनंतर आम्ही एक छोटी गोष्ट केली. गावातल्या आणि तालुक्यातल्या आयटीआय, डिप्लोमा झालेल्या मुला-मुलींची वही केली. कोण कुठे काम करतो, कोणता परवाना आहे, काय अडते आहे, हे त्यांच्याच संमतीने लिहिले. वहीत एकोणीस नावे झाली. त्यातले चौघे नवी मुंबईच्या त्याच पट्ट्यात, एकमेकांपासून काही किलोमीटरवर काम करतात. एकाच तालुक्याचे असून ते एकमेकांना ओळखत नव्हते.

आता ते ओळखतात. दर महिन्याला फोनवर बोलतात. सुट्टीवर आलेला तो तरुण सुपरवायझरच्या परवान्याची तयारी करतो आहे. वर्गातला पाचवा माणूस म्हणून एक वरिष्ठ ताई त्यांना शनिवारी तासभर शिकवतात, नाव जाहीर न करण्याच्या अटीवर. एवढ्याने उद्योग बदलणार नाही. पण पुढच्या वेळी कोणी "दोन नावे सांगा" म्हणाले, तर निदान एक नाव त्याच्याकडे असेल.

दुसरे नाव हा लेख वाचणाऱ्यांपैकी कोणाचे तरी असू शकते. आपण या क्षेत्रात असाल, कुठल्याही पायरीवर असाल, तर आपल्या तालुक्यातल्या विहारात अशी एक वही उघडा. पहिले नाव स्वतःचे लिहा.

जय भीम. नमो बुद्धाय.